रुबेलाचा रिपोर्ट हातात आलाय? आधी जी आहे का एम ते बघा

मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये काम करते, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झाल्यापासून हेच काम, सकाळी सातला शटर वर गेलं की दुपारपर्यंत रक्त घ्यायचं आणि संध्याकाळी काउंटरला बसून रिपोर्ट द्यायचे. रुबेलाचा रिपोर्ट घेऊन जाणाऱ्या बायका दारातूनच परत येतात, "मॅडम, हे पॉझिटिव्ह लिहिलंय, म्हणजे मला झालाय का?" आणि दहातल्या निदान आठ-नऊ जणींच्या हातात तेव्हा चांगली बातमी असते. चांगली बातमी वाचून माणूस रडतंय हे बघवत नाही म्हणून हे लिहितेय. लग्न झालंय, बाळाचा विचार चाललाय किंवा नुकतीच गरोदरपणाची चाचणी पॉझिटिव्ह आलीय अशा मुलींसाठी आहे हे, आणि त्यांच्या नवऱ्यांनीही वाचावं कारण रात्री अकराला मोबाईलवर रिपोर्ट उघडून गूगल करणारे बहुतेक तेच असतात.

आधी दोन शब्द आजाराबद्दल. रुबेला म्हणजे साधा वाटणारा आजार, बारीक ताप, अंगावर गुलाबी पुरळ जे तीनेक दिवसांत जातं, कानामागे आणि मानेवर गाठी. पुष्कळ जणांना तर काहीच होत नाही, कळतही नाही. मग एवढी काळजी कशाला, तर पोटातल्या बाळासाठी. आईला पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाच्या डोळ्यात मोतीबिंदू, ऐकू न येणं, हृदयात दोष असं होऊ शकतं, गर्भ पडूही शकतो, आणि अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत हा धोका ९० टक्क्यांपर्यंत जातो. पाचव्या महिन्यानंतर तो खूपच कमी होतो. हे पहिल्यांदा लक्षात आणून दिलं ते सिडनीच्या नॉर्मन ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९४१ मध्ये, मोतीबिंदू घेऊनच जन्मलेली बाळं एकामागोमाग एक त्यांच्याकडे यायला लागली तेव्हा त्यांनी आयांना खोदून विचारलं आणि बहुतेकींना पोटुशी असताना सुरुवातीला रुबेला होऊन गेल्याचं निघालं. आया काय सांगतायत ते त्यांनी नीट ऐकून घेतलं म्हणून हे कळलं, मला ही गोष्ट फार आवडते.

टेस्ट कधी आणि कुठली करायची

करायची खरी वेळ म्हणजे दिवस जायच्या आधी. हे मी प्रत्येकीला सांगते, कारण रिपोर्टमध्ये प्रतिकारशक्ती नाही असं आलं तर त्यावर इलाज आहे, एक इंजेक्शन, पण ते इंजेक्शन गरोदरपणात देत नाहीत. म्हणजे आठव्या आठवड्याला कळलं की आपल्याला संरक्षण नाही तर तेव्हा सांभाळून राहण्यापलीकडे हातात फारसं काही उरत नाही. तीन महिने आधी कळलं असतं तर विषयच संपला होता.

"मला लहानपणी सगळ्या लशी दिल्यात" हे उत्तर इथे पुरत नाही. आपल्याकडे सरकारी लसीकरणात कित्येक वर्षं गोवराची लस होती, रुबेलाची नव्हती. ज्यांच्या आईवडिलांनी प्रायव्हेट डॉक्टरकडे एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) दिली त्यांना मिळाली, बाकीच्यांना नाही. गोवर-रुबेलाची मोठी मोहीम देशात २०१७ मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये, शाळाशाळांतून, ९ महिने ते १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना. म्हणजे त्या वेळी जी मुलगी अकरावी-बारावीत होती ती त्यातून सुटली, आणि आज लग्न, बाळ या टप्प्यावर असलेल्या बऱ्याच जणी नेमक्या त्याच सुटलेल्या. त्यातल्या पुष्कळ जणींना लहानपणी नकळत रुबेला होऊन गेलेला असतो आणि त्यांना संरक्षण असतं, पण कोणाला आहे कोणाला नाही हे तोंड बघून कळत नाही.

टेस्टचं नाव नीट बघून घ्या. प्रतिकारशक्ती बघायची तर "रुबेला आयजीजी" हवी. चिठ्ठीवर नुसतं "रुबेला" लिहिलं असेल तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना किंवा त्यांच्या रिसेप्शनला फोन करून विचारा. मी पूर्वी जिथे काम करायचे तिथे एकदा असंच नुसतं रुबेला लिहिलेलं आलं, काउंटरवरच्या मुलाने सिस्टीममध्ये आयजीएम, म्हणजे नवा संसर्ग बघायची टेस्ट, टाकलं, रिपोर्ट निगेटिव्ह आला, बाईंना वाटलं आपल्याला संरक्षण नाही, त्या थेट लस घ्यायला निघाल्या होत्या. डॉक्टरांच्या लक्षात आलं म्हणून परत बोलवून रक्त घेतलं, आयजीजी केली तर ती चांगली ८० च्या वर. चूक एका अक्षराची, पण त्या बाईंना सुट्टी टाकून डोंबिवलीहून दुसऱ्यांदा यावं लागलं आणि दुसऱ्यांदा टोचून घ्यावं लागलं.

रक्त देताना

उपाशीपोटी यायची गरज नाही, पाणी पिऊन या म्हणजे शीर सापडते. फक्त मामलेदारची मिसळ हाणून तिथून थेट खुर्चीत बसू नका. रक्त आम्ही पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतो, गोठू देतो, मग सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवलं की मधे जेलचा थर बसतो, खाली लाल गठ्ठा आणि वर पातळ पिवळसर सिरम, लिंबाच्या सरबतासारखं. टेस्ट त्या सिरमवर होते. तेलकट खाऊन लगेच आलेल्याचं सिरम कधीकधी दुधासारखं गढूळ निघतं आणि मग सॅम्पल परत मागवावं लागू शकतं.

केसांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या घेत असाल तर सांगा. काही मशिनच्या पद्धतीत बायोटिन मधे लुडबुड करतं आणि आकडा चुकीचा येऊ शकतो, डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद केलेल्या बऱ्या. आणि गेल्या काही महिन्यांत रक्त चढवलं असेल किंवा इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन झालं असेल तर तेही सांगायचं, कारण तेव्हा दुसऱ्याच्या अँटीबॉडी, म्हणजे रोगाशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, तुमच्या रक्तात फिरत असतात आणि रिपोर्ट तुमचा न राहता त्यांचा येतो.

आता रिपोर्ट उघडा

पहिलं बघायचं नाव, वय आणि सॅम्पल घेतल्याची तारीख. हसू नका, एकाच आडनावाच्या दोन जावा एकाच दिवशी येऊन गेलेल्या मी पाहिल्यात.

दुसरं, ओळीच्या नावात शेवटी जी आहे का एम. सगळा गोंधळ इथेच आहे. आयजीजी म्हणजे आधी कधीतरी रुबेला होऊन गेला किंवा लस झाली त्याच्या अँटीबॉडी, त्या उशिरा येतात पण सहसा आयुष्यभर राहतात. आयजीएम म्हणजे संसर्ग नवा असताना सुरुवातीला येणाऱ्या अँटीबॉडी, पुरळ आल्यावर काही दिवसांत वर जातात आणि साधारण दीड-दोन महिन्यांत उतरतात. त्यामुळे आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे तुम्हाला संरक्षण आहे, छान. आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे थांबा, डॉक्टरांशी बोला. एकच शब्द, दोन ओळींत दोन उलटे अर्थ. कोरोनाने पॉझिटिव्ह या शब्दाची इतकी धास्ती बसवलीय की जी-एम बघायच्या आधीच पोटात गोळा येतो.

तिसरं, आकडा आणि त्याच्या शेजारची रेंज. रुबेला आयजीजीचा आकडा आययू पर एमएल मध्ये येतो. साधारणपणे १० किंवा त्याच्या वर म्हणजे संरक्षण आहे असं धरतात. आता गंमत अशी की रिपोर्टच्या रेंजच्या रकान्यात निगेटिव्हची मर्यादा छापलेली असते, "१० पेक्षा कमी निगेटिव्ह" अशी, आणि तुमचा आकडा ६४ आला की कॉम्प्युटर तो आपोआप जाड अक्षरात टाकतो, शेजारी एच लावतो. साखर, कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टने आपल्याला सवय लावलीय की जाड अक्षर म्हणजे बिघडलं. इथे जाड अक्षर म्हणजे बरं आहे.

ऐरोलीची एक मुलगी होती, नववा आठवडा, आयजीजी १६८. एवढा मोठा आकडा म्हणजे नक्की आत्ताच झालाय असं तिला कोणीतरी सांगितलेलं. ती आमच्या बाकावर पर्स घट्ट धरून बसलेली, सासूबाई शेजारी, दोघीही एकमेकींकडे बघत नव्हत्या. मी तिला फक्त खालची ओळ बोट ठेवून दाखवली, आयजीएम निगेटिव्ह. म्हटलं मी डॉक्टर नाही, अर्थ त्याच सांगतील, पण ही ओळ त्यांना आधी दाखवा. आकडा मोठा असला म्हणजे संसर्ग ताजा असं नसतं, वर्षानुवर्षं काही जणींचा आकडा शेकड्यात राहतो. एका आकड्यावरून कधी झाला हे सांगता येत नाही.

चौथं, पद्धत. खाली बारीक अक्षरात सीएलआयए, ईसीएलआयए, एलायझा असं काहीतरी लिहिलेलं असतं. हे बघायचं कारण, वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशिनवर एकाच बाईचा आकडा वेगळा येतो. कुठे ५ ते १० च्या मधलं ग्रे झोन (धड पॉझिटिव्ह नाही, धड निगेटिव्ह नाही) धरतात, कुठे १० ते १५. कळव्याच्या एका ताईंचा आमच्याकडे ८.६ आला, महिन्याभराने वाशीला दुसऱ्या लॅबमध्ये केला तर १३, त्यांना वाटलं अँटीबॉडी वाढल्या म्हणजे संसर्ग झाला. काहीही वाढलं नव्हतं, फक्त मशिन बदललं होतं. दोन रिपोर्टची तुलना करायची असेल तर एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने, आणि शक्यतो दोन्ही सॅम्पल एकाच वेळी मशिनला लावून. आणि तुमचा आकडा मैत्रिणीच्या रिपोर्टशी लावून बघू नका, स्वतःच्या रिपोर्टवर जी रेंज छापलीय तिच्याशीच बघा.

आयजीजी निगेटिव्ह किंवा मधेच लटकलेली आली तर

अजून दिवस गेलेले नसतील तर सरळ आहे, एमएमआर किंवा एमआर (गोवर-रुबेला) लस. दंडात कातडीखाली देतात. ही जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची लस आहे म्हणून गरोदर बाईला देत नाहीत आणि घेतल्यावर एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत. घ्यायच्या आधी पाळी चुकलेली नाही ना ते बघा. केमो चालू असेल, जास्त डोसचं स्टेरॉइड चालू असेल, आधी या लशीची जोरात ऍलर्जी आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पालिकेच्या आरोग्य केंद्रावर लहान मुलांना ही लस फुकट मिळते, मोठ्या बाईला मात्र बहुतेक वेळा प्रायव्हेटमध्येच घ्यावी लागते, पण केंद्रावर एकदा विचारून बघायला काही जात नाही. घेतल्यावर आठ-दहा दिवसांनी थोडा ताप, बारीक पुरळ, आणि मोठ्या बायकांत सांधे दुखणं होऊ शकतं, काही दिवसांत जातं. एका डोसने ९५ टक्क्यांच्या आसपास लोकांत अँटीबॉडी तयार होतात.

ग्रे झोन आला तर परत टेस्ट करत बसण्यापेक्षा लस घेऊन टाकावी असं बरेच डॉक्टर सांगतात आणि मला ते पटतं. आधी रुबेला होऊन गेलेला असेल आणि वर लस घेतली तर काही नुकसान नाही. आणि लशीचे दोन डोस झाल्याचा कागद हातात असेल आणि तरी आयजीजी कमी आली तर घाबरू नका, डॉक्टर फार तर अजून एक डोस देतात आणि त्यानंतर पुन्हापुन्हा रक्त तपासत बसायची गरज नसते. दर महिन्याला आयजीजी करायला येणारी एक मुलगी होती आमच्याकडे, तिला मीच शेवटी डॉक्टरांकडे परत पाठवली.

दिवस गेलेले असतील आणि आयजीजी निगेटिव्ह असेल तर, हे नीट वाचा. बाळाला काही झालंय असा याचा अर्थ अजिबात नाही. अर्थ एवढाच की तुम्हाला संरक्षण नाही म्हणून ताप आणि पुरळ असलेल्या माणसापासून लांब राहायचं. रुबेला झालेला माणूस पुरळ यायच्या आठवडाभर आधीपासून पसरवतो, त्यामुळे शंभर टक्के सांभाळणं शक्य नाही, पण घरातल्या मुलांच्या लशी पूर्ण करणं शक्य आहे. मोठी मुलगी असेल, जावेचा मुलगा असेल, त्यांची कार्डं काढून बघा, ९ महिन्यांनंतरचा आणि दीड वर्षाच्या आसपासचा डोस झालाय का. घरातल्या मुलाला लस दिली म्हणून गरोदर बाईला त्याच्यापासून धोका नाही, हेही मुद्दाम सांगते कारण उलटंच पसरलेलं आहे. बाळंतपण झालं की दवाखान्यातून घरी यायच्या आधीच स्वतःची लस मागून घ्या, अंगावर पाजत असलात तरी चालते. चुकून दिवस गेलेले असताना लस घेतली गेली असेल तर फक्त त्या कारणासाठी गर्भ पाडायचा सल्ला देत नाहीत, तेव्हा घाईने काही ठरवू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि गरोदर असताना पुरळवाल्या माणसाशी संपर्क आलाच, समजा भाच्याला रुबेला निघाला आणि तुम्ही रविवारी त्याला मांडीवर घेतलेलं, तर लगेच, त्याच आठवड्यात आयजीजी करा. संपर्काला आठवडासुद्धा झाला नसताना आयजीजी पॉझिटिव्ह आली तर ती आधीची आहे, कारण नव्या संसर्गाची इतक्या लवकर तयार होत नाही. निगेटिव्ह आली तर दोन-तीन आठवड्यांनी परत आणि गरज पडली तर संपर्कानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा. म्हणून तारीख लिहून ठेवा, कधी भेटलात ती. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार.

आयजीएम पॉझिटिव्ह आली तर

पहिल्यांदा खुर्चीवर बसा. आयजीएम पॉझिटिव्ह येण्याची कारणं बरीच आहेत. खरा ताजा संसर्ग हे एक. नुकतीच लस झाली असेल हे दुसरं. संधिवाताच्या आजारातला आरए फॅक्टर, किंवा पार्व्हो, सीएमव्ही असल्या दुसऱ्या विषाणूंचा संसर्ग, यानेही खोटी पॉझिटिव्ह येते. आणि ज्या बाईला ताप नाही, पुरळ नाही, कोणाशी संपर्क नाही, तिची आयजीएम उगाच केली तर येणाऱ्या पॉझिटिव्हमध्ये खोट्यांचंच प्रमाण जास्त भरतं. आमच्याकडे टॉर्च पॅनेल, म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही, हर्पीस अशा संसर्गांच्या टेस्ट एकत्र, सगळ्यांना सरसकट लिहिलं जातं, एकदा गर्भपात झाला की लगेच टॉर्च, आणि मग त्या आठ-दहा ओळींतली एखादी हमखास जाड अक्षरात येते. माझं मत विचाराल तर लक्षणं नसताना आयजीएम करण्याआधी डॉक्टरांना विचारा की हिचं उत्तर काहीही आलं तरी आपण पुढे काय करणार आहोत.

आलीच पॉझिटिव्ह, तर पुढचं पाऊल म्हणजे पक्कं करणं. एक रस्ता, दोन-तीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये परत, आयजीजी चौपट वाढतेय का ते बघायला. दुसरा, आयजीजी ऍव्हिडिटी नावाची टेस्ट. अँटीबॉडी नवीन असताना विषाणूला सैल धरतात, महिने गेले की घट्ट धरायला लागतात. ऍव्हिडिटी हाय आली म्हणजे संसर्ग जुना, साधारण तीन महिन्यांच्या आधीचा. लो आली तर अलीकडचा असू शकतो. ही टेस्ट गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही, सॅम्पल बाहेर पाठवावं लागतं, रिपोर्टला काही दिवस लागतात, ते दिवस कठीण जातात हे मला माहीत आहे. पण गर्भाबद्दलचा कुठलाही निर्णय एका आयजीएमच्या कागदावर घेऊ नका, तो फीटल मेडिसिनच्या (पोटातल्या बाळाच्या तपासणीच्या) डॉक्टरांकडे, सोनोग्राफीसकट, आठवडे मोजून घ्यायचा असतो. याच्या उलटही एक आहे, पुरळ आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आयजीएम केली आणि निगेटिव्ह आली तर ती पक्की निगेटिव्ह नव्हे, पाचव्या दिवसानंतर परत करावी लागते.

बाळाच्या रिपोर्टबद्दल थोडंसं. जन्मलेल्या बाळाची आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर ती बहुतेक वेळा आईकडून नाळेतून आलेली असते, काही महिन्यांत उतरते. बाळाला खरंच संसर्ग झालाय का हे बघायला त्याची आयजीएम करतात.

कागद जपून ठेवा

आयजीजी एकदा पॉझिटिव्ह आली की पुढच्या बाळंतपणाला सहसा परत करायची गरज नसते, पण कागद हरवला की परत करावीच लागते, दुसरं काय करणार. लॅबची लिंक काही दिवसांनी बंद पडते, म्हणून पीडीएफ डाउनलोड करून स्वतःलाच व्हॉट्सऍपवर पाठवून ठेवा आणि एक प्रिंट फाईलला लावा. लस घेतलीत तर तारीख, लशीचं नाव आणि बॅच नंबर लिहून, सही-शिक्का घेऊनच उठा, बाटलीवरचं स्टिकर मिळालं तर तेच कार्डावर चिकटवा. आणि डॉक्टरांकडे जाताना फोनवरचा अर्धा स्क्रीनशॉट नेऊ नका, त्यात नेमकी रेंज आणि पद्धत कापली गेलेली असते, पूर्ण कागद न्या.